उजेड पडताच सुटणारे औषध : विज्ञान किती, व्यापार किती?

भिवंडीला मेडिकल चालवणारे आमचे एक जुने वाचक गेल्या महिन्यात जुम्याच्या नमाजनंतर कार्यालयात आले. हातात गुळगुळीत कागदावर छापलेली एक पुस्तिका होती. मुखपृष्ठावर सोनेरी गोळे आणि त्यांच्यावर पडलेला लाल किरण. आत लिहिले होते की, सोन्याचे अतिसूक्ष्म कण कॅन्सरचे औषध घेऊन थेट गाठीत जातात, बाहेरून लेझरचा प्रकाश टाकला की औषध तिथेच सुटते आणि बाकी शरीराला धक्का लागत नाही. शेवटच्या पानावर मात्र वेगळीच भाषा होती. एक लाख रुपये गुंतवा, दरमहा ठरावीक 'हलाल मुनाफा' घ्या. पुस्तिका आणून देणाऱ्या एजंटने तोंडी आणखी एक गोष्ट सांगितली होती. ज्याचे पैसे, त्याच्या घरच्या रुग्णाला औषध आधी.

या वाचकांच्या खालांवर सध्या केमोथेरपी चालू आहे. त्यामुळे शेवटचे वाक्य त्यांच्या मनातून जात नव्हते. त्यांनी आम्हाला सरळ विचारले, "भाईसाहेब, हे खरे आहे की नुसती फेकाफेक?"

उत्तर एका शब्दात देता आले नाही. पुस्तिकेतले विज्ञान बऱ्याच अंशी खरे आहे, तिच्यातला धंदा मात्र तसा नाही. अशा पुस्तिका इतर ठिकाणीही फिरत असतील म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडत आहोत.

आधी गरज कशाची आहे ते पाहू. कॅन्सरची अनेक औषधे पेशी मारणारी विषेच असतात. डॉक्सोरुबिसिन हे त्यातले जुने आणि नावाजलेले औषध. शिरेतून दिले की ते रक्तासोबत सगळीकडे जाते. गाठीला जेवढे हवे तेवढे पोहोचावे म्हणून बाकीच्या शरीरालाही ते सोसावे लागते. केस गळतात, तोंड येते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. या औषधाचा हृदयावर परिणाम होतो म्हणून आयुष्यभरात एका माणसाला एकूण किती द्यायचे यालाही मर्यादा ठरलेली आहे. मग औषध बंद डबीत घालून पाठवावे आणि गाठीजवळ पोहोचल्यावरच डबी उघडावी, हा विचार ओघाने येतो. डबी उघडणार कशाने, हा खरा प्रश्न होता. त्याचे एक उत्तर म्हणजे प्रकाश, आणि प्रकाशाला प्रतिसाद देणारी वस्तू म्हणून शास्त्रज्ञांनी सोने निवडले.

सोनेच का? पहिले कारण सराफाला सांगावे लागत नाही. सोने गंजत नाही, काळे पडत नाही. हदीसच्या संग्रहांत अरफजा बिन असअद (रजि.) यांचा प्रसंग आला आहे. कुलाबच्या लढाईत त्यांचे नाक गेले. त्यांनी चांदीचे नाक बसवले, पण त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक बसवण्यास सांगितले. पुरुषांना सोने वर्ज्य असताना औषधोपचारात ते चालते का, असे विचारणाऱ्यांना उलेमा बहुधा याच हदीसचा दाखला देतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही तिच्यात चांदी आणि सोने यांतला नेमका फरक आला आहे.

दुसरे कारण सोन्याच्या रंगात आहे. वर्ख कुटण्याचे काम आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मुस्लिम कारागीर करत आले. सोन्याचा चांगला वर्ख साधारण १०० नॅनोमीटर जाड असतो. एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलीमीटरचा दहा लाखावा भाग. असा वर्ख उजेडासमोर धरला तर आरपार येणारा प्रकाश हिरवट दिसतो. लंडनच्या मायकेल फॅरेडे यांना याच गोष्टीचे कुतूहल होते. वर्खापासून सुरुवात करून ते सोन्याच्या क्षारापर्यंत गेले. त्यातून त्यांनी सोन्याचे इतके बारीक कण केले की पाणी माणकासारखे लाल झाले. १८५७ मध्ये त्यांनी हे प्रयोग रॉयल सोसायटीपुढे मांडले. त्या लाल पाण्याच्या बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवल्या आहेत. तेच सोने, पण दागिन्यात पिवळे, वर्खातून हिरवे आणि कणांत लाल.

असे का होते याचे गणित गुस्ताव मी या जर्मन शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये मांडले. सोप्या भाषेत सांगायचे तर धातूमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन असतात. कण अगदी लहान असला की प्रकाशाच्या लाटेबरोबर ते सगळे एकदम मागेपुढे झुलू लागतात. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला की थोड्या जोरावरही तो उंच जातो, तसेच हे आहे. कणाची लय आणि प्रकाशाची लय जुळली की कण तो प्रकाश भराभर गिळतो, आणि गिळलेल्या प्रकाशाची उष्णता होते. साध्या गोल कणांची लय हिरव्या प्रकाशाशी जुळते, म्हणून हिरवा गिळला जातो आणि पाणी लाल दिसते. कणाचा आकार बदलला, त्याची कांडी केली किंवा आतून पोकळ केला की लय बदलते.

लय बदलण्याची गरज काय, हे घरी पाहता येते. अंधारात टॉर्च पेटवून तळहाताच्या मागे धरा. बोटांच्या कडांतून फक्त लाल उजेड झिरपतो. हिरवा-निळा प्रकाश रक्त पिऊन टाकते. लालच्या पलीकडे, साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटर लांबीच्या लाटांचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा किंवा न दिसणारा जो प्रकाश आहे, तो मांसातून त्याहून चांगला जातो. कारण त्या पट्ट्यात रक्त आणि पाणी दोन्ही कमी प्रकाश शोषतात. म्हणजे याच प्रकाशाशी लय जुळेल असा कण हवा. अमेरिकेतील ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात नाओमी हलास यांच्या गटाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस तो घडवला. आत काचेच्याच जातीच्या सिलिकाचा गोळा आणि वरून सोन्याचे पातळ कवच. कवच किती जाड ठेवायचे त्यावर लय ठरते.

आता या कणावर औषध बसवायचे कसे? येथे कारागिरी सुरू होते, आणि खरे सांगायचे तर आम्हाला या विषयात सर्वांत रस वाटला तो इथेच.

पहिली रीत जेलची. काही प्लास्टिकवर्गीय पदार्थ थंड असताना पाणी पिऊन फुगतात आणि ठरावीक तापमानाच्या वर गेले की आकसून पाणी बाहेर टाकतात. ओला स्पंज पिळल्यासारखे. हे तापमान शरीराच्या ३७ अंशांपेक्षा थोडे वर राहील असा पदार्थ तयार केला, त्यात औषध आणि सोन्याची कवचे मिसळली. प्रकाश टाकला की सोने तापते, जेल आकसतो, औषध बाहेर येते. प्रकाश थांबवला की जेल पुन्हा फुगतो. राइस विद्यापीठाच्याच हलास आणि जेनिफर वेस्ट यांच्या गटांनी हे २००० मध्ये दाखवले.

दुसरी रीत पिंजऱ्याची. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात यूनान शिया यांच्या गटाने आधी चांदीचे अतिसूक्ष्म चौकोनी खडे केले. त्यांच्यावर सोन्याच्या क्षाराचे द्रावण सोडले. चांदी विरघळत जाते आणि तिच्या जागी सोने बसत जाते. शेवटी आतून पोकळ, भिंतींना भोके असलेली सोन्याची पेटी उरते. तेजाबाचे काम करणाऱ्या कारागिराला ही रीत परकी वाटणार नाही, फक्त माप फार लहान आहे. पेटीत औषध भरायचे आणि बाहेरून त्याच आकसणाऱ्या पदार्थाचे केस लावायचे. केस फुललेले असताना भोके झाकलेली. प्रकाश पडला, पेटी तापली, केस आकसले आणि भोके उघडली. हे काम २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

तिसरी रीत चरबीच्या फुग्याची. असे फुगे, म्हणजे लिपोसोम, औषध नेण्यासाठी बाजारात आधीपासून आहेत. डॉक्सोरुबिसिन भरलेल्या फुग्याला अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली आणि २०१३ मध्ये त्याचे पहिले जेनेरिक अमेरिकेत मंजूर झाले ते मुंबईच्या सन फार्माचे. या फुग्यांना सोन्याचे पोकळ कण जोडून प्रकाशाच्या झटक्याने फुगा फोडण्याचा प्रयोग कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा विद्यापीठाने २००८ मध्ये केला. महाराष्ट्रातही जवळचे काम झाले आहे. पवईच्या आयआयटीने खारघरच्या टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रासोबत लिपोसोमवर सोने चढवून उंदरांच्या गाठी प्रकाशाच्या उष्णतेने जाळल्या. तो निबंध २०१५ चा. या कामाचा विशेष असा की तो कण नंतर शरीरात मोडून बारीक होतो. त्याचे महत्त्व पुढे येईलच.

एवढे वाचल्यावर पुस्तिकेवर विश्वास बसेल. पण वर सांगितलेली औषध सोडण्याची कामे प्रयोगशाळेतली आणि उंदरांवरची आहेत. माणसापर्यंत काय पोहोचले?

सोने आणि प्रकाश पोहोचले. राइसच्या कवचांवर ह्यूस्टनमध्ये कंपनी निघाली. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयात प्रोस्टेट कॅन्सरच्या १६ रुग्णांवर चाचणी घेण्यात आली आणि तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. रुग्णाला आदल्या दिवशी शिरेतून सोन्याचे कण दिले. एक कण सुमारे १५० नॅनोमीटरचा, म्हणजे रक्तातल्या लाल पेशीच्या पन्नासाव्या भागाएवढा. दुसऱ्या दिवशी लेझरची बारीक नळी सुईसारखी थेट ग्रंथीत घालून प्रकाश सोडला. १६ पैकी १५ जणांवर उपचार पूर्ण झाला आणि वर्षभराने त्यातल्या १३ जणांच्या उपचार केलेल्या जागी कॅन्सर आढळला नाही. निकाल आशादायक आहे. मात्र यात औषध नव्हते. सोने तापले आणि गाठ भाजली, एवढेच.

सोने आणि औषध यांची जोडीही माणसापर्यंत पोहोचली. अमेरिकेतील साइटइम्यून कंपनीने सोन्याच्या कणांवर गाठीविरुद्ध काम करणारे एक प्रथिन बसवून पहिल्या टप्प्याची चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. त्यात प्रकाश नव्हता.

प्रकाश आणि औषध ही जोडी तर रुग्णालयात रुळलेली आहे. डोळ्याच्या पडद्याच्या आजारासाठी व्हर्टेपॉर्फिन नावाचे औषध शिरेतून देऊन डोळ्यात ६८९ नॅनोमीटरचा लेझर टाकतात. अमेरिकेत याला २००० मध्ये मान्यता मिळाली. औषध घेतल्यावर पाच दिवस उन्हापासून जपावे लागते. येथे धातूचा कण नाही, प्रकाशाने औषधच जागे होते.

धातूचा कण, त्यावरचे औषध आणि ते सोडणारा प्रकाश, या तिन्ही गोष्टी एकत्र असलेले, मान्यता मिळालेले आणि दुकानात किंवा रुग्णालयात विकत मिळणारे औषध आज जगात कुठेही नाही. पुस्तिकेने दोन-दोनचे खरे निकाल एकत्र छापून तिघांचा निकाल असल्याचा भास केला आहे.

अडले कुठे? एक तर प्रकाश खोल जात नाही. त्वचेखाली काही मिलीमीटर, फार तर एक-दोन सेंटिमीटर. यकृत-स्वादुपिंडासारख्या अवयवांसाठी नळी आत घालावीच लागते, आणि सर्वत्र पसरलेल्या कॅन्सरमध्ये प्रकाश टाकणार तरी कुठे कुठे? दुसरे असे की कण गाठीपर्यंत पोहोचतच नाहीत म्हटले तरी चालेल. टोरोंटो विद्यापीठाच्या वॉरेन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये मागच्या दहा वर्षांचे प्राण्यांवरचे प्रयोग तपासले. टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोहोचणाऱ्यांचे मध्यम प्रमाण निघाले ०.७ टक्के. शंभरातला एकही नाही. हा आकडा पुस्तिकेत अर्थातच नाही. बाकीचे कण मुख्यतः यकृत आणि प्लीहेत जाऊन बसतात. साधारण सहा नॅनोमीटरपेक्षा मोठा कण मूत्रपिंडातून गाळला जात नाही, म्हणून मोठे कण दीर्घकाळ शरीरात राहतात. आयआयटीच्या मोडणाऱ्या कणाचे महत्त्व ते हेच. "सोने म्हणजे शुद्ध, त्याने काय होणार" असे म्हणून चालत नाही. संधिवातासाठी सोन्याचे क्षार कित्येक वर्षे वापरले गेले आणि त्यांनी त्वचा व मूत्रपिंड यांना त्रास होतो हे डॉक्टरांना चांगले माहीत आहे.

व्यापाराच्या दृष्टीने एक उदाहरण मोलाचे आहे. उष्णतेने फुटणारा, डॉक्सोरुबिसिन भरलेला फुगा थर्मोडॉक्स या नावाने अमेरिकेतील सेल्सियन कंपनीने तयार केला. त्यात सोने नव्हते. गाठीला विद्युतलहरींनी तापवायचे आणि त्या उष्णतेत फुगा फुटायचा. कल्पना तीच, किल्ली वेगळी. यकृताच्या कॅन्सरवर ७०१ रुग्णांची मोठी चाचणी झाली. जानेवारी २०१३ मध्ये निकाल आला की अपेक्षित फायदा दिसला नाही. शेअर एका दिवसात कोसळला. कंपनीने उपचाराची पद्धत सुधारून दुसरी मोठी चाचणी घेतली. २०२० मध्ये तीही निष्फळ ठरण्याच्या मार्गावर असल्याचे कळले. प्रयोगशाळेत फुगा उत्तम फुटत होता. तरीही पैसा आणि वर्षे गेली. असा धंदा करणाऱ्याने प्रामाणिकपणे जोखीम सांगून भांडवल मागावे, त्यात गैर काही नाही. पण तो दरमहा ठरावीक रक्कम देण्याचा वायदा कशाच्या जोरावर करील? विकायला मालच नाही, तर नफा कुठून?

पुस्तिकेत सोन्याच्या भावाचाही मोठा बाऊ केला आहे. जणू कच्चा माल महाग म्हणून भांडवल हवे. हिशोब करून पाहा. एक ग्रॅम सोन्यापासून १०० नॅनोमीटरचे भरीव कण केले तर ते सुमारे एक कोटी गुणिले एक कोटी भरतात. पाण्यात सोन्याचा क्षार उकळून त्यात सोडियम सायट्रेट घातले की लाल रंगाचे कण तयार होतात. ही रीत १९५१ पासून ठाऊक आहे. खर्च होतो तो सगळे कण एका मापाचे ठेवण्यात, जंतुविरहित ठेवण्यात आणि वर्षानुवर्षांच्या चाचण्यांत.

सोन्याच्या नॅनोकणांचा चालू असलेला धंदा पाहायचा असेल तर आमच्या या वाचकांनी स्वतःच्या काउंटरवर पाहावे. गरोदरपणाच्या तपासणीच्या पट्टीवर जी गुलाबी रेघ उमटते ती बहुतेक पट्ट्यांत सोन्याच्या कणांचीच असते. फॅरेडेच्या बाटलीतला तो लाल रंग. मलेरियाच्या झटपट चाचणीच्या अनेक कार्डांतही हेच तंत्र आहे. आम्ही हे सांगितले तेव्हा ते क्षणभर हसले. रोज विकतो आणि माहीत नाही, म्हणाले.

राहिला पैशांचा प्रश्न. शरीअतच्या व्यापारनियमांत मुदारबा मान्य आहे. त्यात एकाचे भांडवल, दुसऱ्याचे श्रम, नफा ठरलेल्या हिश्शाने, आणि तोटा भांडवलवाल्याचा. रकमेवर दरमहा ठरावीक परतावा बांधून दिला की ते मुदारबा राहत नाही, नाव काहीही द्या. जे हातात नाही ते विकण्यात गरर, म्हणजे अनिश्चिततेचा धोका, येतो तो वेगळाच. जून २०१९ मध्ये बेंगळुरूची आयएमए बंद पडली तेव्हा 'हलाल' या शब्दावर विसंबलेल्या हजारो मुस्लिम कुटुंबांची बचत अडकली. त्याच वर्षी अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा झाला. त्यानुसार परवानगीशिवाय अशा ठेवी गोळा करणे हाच गुन्हा आहे. कॅन्सर बरा करण्याचा दावा करणारी जाहिरातही १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यात बसत नाही.

आणि "पैसे त्याचे, औषध आधी" हे वाक्य. भारतात नव्या औषधाची माणसांवरील चाचणी २०१९ च्या नियमांनी बांधलेली आहे. औषध महानियंत्रकाची परवानगी लागते, नीतिसमितीची मंजुरी लागते, रुग्णाला समजेल अशा भाषेत लेखी संमती घ्यावी लागते आणि चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई द्यावी लागते. नॅनो-औषधांसाठी तर ऑक्टोबर २०१९ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे निघाली. प्रत्येक चाचणीची नोंद आयसीएमआरच्या नोंदवहीत, सीटीआरआयमध्ये, व्हावी लागते आणि तिचा क्रमांक कोणीही तपासू शकतो. कोणता रुग्ण घ्यायचा हे आजारावरून ठरते. गुंतवणूकदाराच्या नात्यावरून रुग्ण निवडता येत नाही.

खालांच्या केमोच्या तारखा चुकवू नका, एवढे आम्ही त्यांना आग्रहाने सांगितले. नव्या उपचाराची चौकशी करायची तर त्यांच्याच ऑन्कॉलॉजिस्टकडे करा, चाचणी चालू असेल तर त्यांना ठाऊक असेल. एजंटला मात्र आमच्या समोरच फोन लावला आणि फक्त सीटीआरआयचा क्रमांक मागितला. "दोन दिवसांत पाठवतो," असे उत्तर आले. त्याला तीन आठवडे झाले. अंक छपाईला जाईपर्यंत तरी तो क्रमांक आलेला नाही.